दर्याबाईचा दिवा

दर्याबाई भर दुपारी दिवा लावायच्या. बाहेर परंड्याचं ऊन असं की किल्ल्याच्या भिंतीकडे बघवत नसे, आणि आमच्या समोरच्या घराच्या खिडकीत या बाईंचा तांबड्या काचेचा पेला मिणमिणत असायचा. मी लग्न होऊन त्या गल्लीत आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, बाई विसरभोळी दिसते, सकाळचा दिवा विझवायचा राहिलाय. सासूबाईंना तसं म्हणालेही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "इसरली न्हाय ती. कुणीतरी अडलंय गावात. हात जोड अन गप कामाला लाग."

दर्याबाई म्हणजे सरकारी जनाना दवाखान्यातल्या नर्सबाई. मूळच्या वसईकडच्या, धर्मानं ख्रिश्चन. नवरा निजामाच्या पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचा. तो तापानं गेला आणि बाई एकट्याच बदल्या घेत घेत परंड्याला येऊन पोचल्या. खरं नाव भलतंच लांबलचक. दवाखान्याच्या हजेरीत ते उर्दूत लिहिलेलं असे आणि तिथल्या मुन्शीलाही धड वाचता यायचं नाही. तोंडावर सगळे नर्सबाई म्हणत, पाठीमागं दर्याबाई. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडतही होतं, असा माझा दाट संशय आहे.

कारण त्यांच्या तोंडी सतत दर्या. आता परंड्यात दर्या कुठला? उन्हाळ्यात दोन घागरींसाठी आम्ही आडावर तासन् तास उभ्या राहायचो. सीना नदीपेक्षा मोठं पाणी ज्यांनी जन्मात पाहिलं नाही, त्या बायकांना या सांगणार, "लाट आली की तिच्याशी भांडायचं नाही गो बाय. तिच्यावर चढायचं, उतरायचं, दम खायचा. मग दुसरी." बिचारी बाळंतीण घामाघूम, आणि हिचं आपलं भरती-ओहोटी चाललेलं. सासूबाई म्हणायच्या, हितं प्यायला पाणी न्हाय अन बाईला दर्या पायजे. पण ते ऐकता ऐकता बायका खरंच दम धरायच्या, हे मी पाहिलंय.

दिव्याची गोष्ट त्यांनी मला एकदा गहू निवडताना सांगितली. वडिलांची होडी होती. वडील दर्यावर निघाले की आई मरियामायच्या तसबिरीपुढे खिडकीत दिवा लावायची. त्यांच्या प्रार्थनेत मरियामायला दर्याचा तारा म्हणतात म्हणे. वाट चुकलेल्या होडीला तोच तारा घरी आणतो. दिवा लावायचा आईनं, पण विझवायचा वडिलांनीच, परत आल्यावर, आपल्या हातानं. दुसऱ्या कुणी फुंकर मारायची नाही. "बाळंतीणसुद्धा दर्यातच गेलेली असते," दर्याबाई म्हणाल्या. "फक्त ती उठून दिवा विझवायला कशी येणार? म्हणून तिच्यातर्फे मी." बाई घरी परतल्या, हात धुतले आणि खिडकीतला दिवा विझवला की अख्ख्या गल्लीला कळायचं, अमकी मोकळी झाली. निरोप सांगायला माणूस धाडावा लागत नसे.

तसबीर साधी कागदी, लाकडी चौकटीत. निळा शेला पांघरलेली मरियामाय, डोक्यावर एक चांदणी, पायाशी लाटा. गल्लीतल्या बायका येता जाता काचेला हळदीकुंकू लावायच्या. बाई चिडायच्या. म्हणायच्या, तिला कुंकू नको, तेल आणा, दिव्याला लागतं. मग बायका पळीभर करडईचं तेल घेऊन यायच्या आणि जाता जाता हळूच कुंकू लावूनही जायच्या.

बाई बाळंतिणीकडे गेल्या की दिवा कोण राखणार? ते काम त्यांच्या घरमालकिणीचं, खालाबींचं. खालाबी विधवा होत्या, पाच वेळच्या नमाजी. बीबी मरियमचं नाव त्यांच्याही तोंडी असायचं. बीबी मरियम खजुराच्या झाडाखाली एकटीच बाळंत झाली, ना सुईण ना शेजारीण, म्हणून त्या प्रत्येक अडलेल्या बाईसाठी एक खजूर धाडायच्या. पण तसबीर त्यांना चालायची नाही. तेव्हा दिव्याला तेल घालताना त्या तसबिरीकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि हात मागं नेऊन अंदाजानं ओतायच्या. निम्मं तेल भिंतीवर. बाई म्हणायच्या, अहो, वळून बघा तरी. खालाबी म्हणायच्या, "मैं बत्ती कू देखती मा, तस्वीर कू नै." पाठमोऱ्या बत्ती कशी दिसायची ते त्यांचं त्यांना माहीत.

एवढी भक्ती होती म्हणून बाई हातावर हात ठेवून बसणाऱ्या होत्या असं कुणी समजू नये. बाळंतिणीच्या खोलीत शिरल्या की आधी धूर बाहेर, मग चार जास्तीच्या बायका बाहेर, मग सुईणीची नखं कापायची. मोठमोठ्या घरच्या सासवांना त्यांनी ताडकन सुनावलेलं मी ऐकलंय. एकदा कुणी म्हणालं, तुमची मरियामाय आहे की, करील सगळं नीट. तर म्हणाल्या, "ती दिवा धरते. वल्हं तिच्या हातात नाही, माझ्या हातात आहे. पाणी उकळा."

आता माझं सांगते. ते सांगितल्याशिवाय दर्याबाई सांगून होत नाहीत.

माझी पहिली दोन बाळंतपणं माहेरी झाली. पहिला तीन दिवस जगला. दुसरा तर रडलाच नाही. त्यानंतर गल्लीतली बारशाची बोलावणी मला येईनाशी झाली. कुणी वाईट बोलायचं नाही, पण गरोदर लेकीसुना समोरून आल्या की त्यांच्या आया त्यांना पलीकडच्या अंगाला घ्यायच्या. मी बावीस वर्षांची होते. आडावरून येताना मान खाली घालायची मला सवय लागली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी ठरवलं, या खेपेला माहेर नाही, दर्याबाईंच्या हातानं इथंच.

आणि नेमकं ते गडबडीचं साल. निजामाचं राज्य राहतं की जातं, कुणालाच कळत नव्हतं. हद्दीपलीकडे बार्शी. इंग्रज गेले तरी आम्ही तिला इंग्रजी हद्दच म्हणायचो. पुष्कळ घरं बैलगाड्या जोडून तिकडे निघून गेली होती. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर परवान्याशिवाय सोडत नसत आणि दिवस मावळला की आडवा बांबू पडायचा. दवाखान्याचे डॉक्टर रजेवर गेले ते परत आलेच नाहीत. औषधं संपली, रॉकेल मिळेना, गोडं तेलही मिळेना. एका कुटुंबानं दर्याबाईंना गाडीत जागा देऊ केली होती. त्या गेल्या नाहीत. "माझी एक होडी दर्यात जायची आहे अजून," असं सांगून त्यांनी ती गाडी परत पाठवली. ती होडी म्हणजे मी.

नवव्या महिन्यात त्यांनी पोट दोनदा तपासलं. मूल आडवं होतं. त्यांनी आमच्या मास्तरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन सांगितलं की फिरलं तर उत्तम, नाहीतर बार्शीच्या दवाखान्याशिवाय गत्यंतर नाही, परवाना काढा. मास्तर रोज कचेरीत खेटे घालत होते. कागद हातात यायच्या आधी, हिशेबाच्या आठ-नऊ दिवस अगोदर, सकाळी सकाळी मला कळा सुरू झाल्या.

मास्तर तसेच दोन-तीन कोसांवरच्या नाक्याकडे धावले. दुपारपर्यंत परवाना मिळवतो, नाक्यावरच थांबतो, गाडी तिकडे आणा, असं ठरलं. गाडी केरबाची. गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली बैल जुंपून तो बसला. तिथून दर्याबाईंची खिडकी सरळ दिसायची. बाळंतिणीच्या दाराशी पुरुषमाणूस कसा येणार, म्हणून सासूबाईंनी त्याला बजावलं, "दिवा जळतोय तवर जाग्यावरनं हलू नगंस." साधी गोष्ट होती. गावात कुणीही असंच सांगितलं असतं.

दर्याबाई मला म्हणाल्या, रस्ता खडकाळ आहे, गाडीच्या हिसक्यानं बरंवाईट होईल. दुपारपर्यंत मी फिरवून बघते, नाही फिरलं तर निघू. पोट चोळायला, हाताला लावायला तेल हवं होतं. आमच्या घरात थेंब नव्हता. शेजारीपाजारी विचारून झालं. मग त्या समोर गेल्या, जळत्या दिव्याच्या पेल्यात होतं तेवढंच तेल ठेवलं आणि दिव्याची बाटली उचलून घेऊन आल्या. बाटलीच्या तळाशी चार बोटं तेल असेल. मला दाखवून म्हणाल्या, "मायकडून उसनं आणलंय."

किती वेळ त्या चोळत होत्या, फिरवत होत्या, मला सांगता येणार नाही. लाट आली की चढ, उतर, दम खा. मी चढत होते, उतरत होते. खालाबींचा खजूर माझ्या गालात तसाच होता. एकदा वाटलं फिरलं, पण परत आडवं झालं. दर्याबाईंच्या कपाळावरून घाम माझ्या पोटावर पडत होता. दुपार झाली तेव्हा त्यांनी हात पुसले आणि सासूबाईंना म्हणाल्या, गाडी दाराशी लावा.

सासूबाई गेल्या आणि लगेच परत आल्या. लिंबाखाली गाडी नव्हती.

झालं होतं असं. खालाबी दुपारच्या नमाजाला बसल्या. उठून बघतात तो पेल्यातलं तेल संपून दिवा विझलेला. बाटली शोधली, बाटली नाही. आपल्या घरात तेल नाही. म्हाताऱ्या खालाबी पदर सावरत दारोदार गेल्या. अर्धी घरं बंद, उरलेल्यांकडे नव्हतं. शेवटी वेशीजवळच्या एका घरातून चमचाभर मिळालं. परत येऊन त्यांनी दिवा लावला. गाडी विचारायला सासूबाई बाहेर पडल्या तेव्हा दिवा जळत होता. मधल्या वेळात केरबानं मात्र खिडकीत अंधार बघितला. दिवा विझला म्हणजे मोकळी झाली, हे त्यालाही ठाऊक होतं. मास्तर तिकडे उन्हात जीव मुठीत धरून बसले असतील, त्यांना आधी सांगावं, म्हणून त्या भल्या माणसानं बैल पिटाळले. कुणाला काय म्हणायचं?

सासूबाई तीन गल्ल्या धावल्या. गावात जोडता येईल अशी गाडी नव्हती, गाड्या घेऊन तर लोक गेले होते. दर्याबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. मी विचारलं, गाडी आली का? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "गाडी नाही गो. आता मी आहे नि तू आहेस." त्यांचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर त्यांनी हात घालून मूल पायांनी ओढून काढलं. मी वाचले ती त्या हातांनी. मुलगी होती. ती वाचली नाही. दर्याबाईंनी तिला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. सासूबाईंनी त्यांचा हात धरून थांबवलं तेव्हा कुठं त्या थांबल्या.

दिवस मावळायला मास्तर केरबाच्या गाडीतून आले. आनंदानं त्यांनी नाक्यावरच्या शिपायांना बत्तासे वाटले होते. राहिलेले रुमालात बांधून आणले होते. दारातच त्यांनी रुमाल सोडायला घेतला. सासूबाईंनी नुसती मान हलवली. मी आतून बघत होते. सोडलेली गाठ त्यांनी पुन्हा हळूहळू बांधली.

चार दिवसांनी मी दर्याबाईंना विचारलं. रागानंच विचारलं. म्हटलं, तुमची मरियामाय कुठं होती त्या दिवशी? त्या म्हणाल्या, "इथंच उभी होती. तिच्या लेकाला खिळे मारत होते तेव्हाही ती उभीच होती. तिला तरी दुसरं काय करता आलं?" मला ते उत्तर पटलं नाही. उभी राहणारी देवी घेऊन काय करायचं, असं वाटलं. आजही मनातून राग पुरता गेलेला नाही. पण त्या दिवसांत बाकीचे मला देवाची मर्जी सांगत होते, नशीब सांगत होते, आणि खोलीत येऊन नुसती उभी राहणारी एकटी दर्याबाईच होती.

त्या दिवसापासून त्यांनी दिवा बंद केला. बोलावणं आलं की पिशवी उचलून निघायच्या, खिडकी अंधारी. खालाबी विचारायच्या, तर म्हणायच्या, दिव्याचं तेल मी उचललं, आता कुठल्या तोंडानं लावू? मी म्हणायचे, तेल हाताला नसतं तर मी पण गेले असते. एवढी तडाख्याची बाई, पण हात मांडीवर उलटे टाकून बसलेली बघवायची नाही.

पावसाळा सरता सरता राज्य बदललं. नाके उठले, गाड्या परत आल्या, तेल मिळू लागलं. थंडीत एके सकाळी दर्याबाई माझ्या दाराशी आल्या. हातात तेलाची बाटली. पलीकडच्या कोष्ट्याची सून अडली होती. "मी तिकडे चाललेय," त्या म्हणाल्या. "तू दिवा लाव."

मी हबकले. तीन मुलं गेलेली बाई मी. माझ्या हातचा दिवा कोण लावून घेणार? तेवढ्यात त्यांना न्यायला आलेली कोष्टीण मागून म्हणालीच, "नर्सबाई, हिच्या हातचा नगं. राग मानू नका, पर नगं." माझ्या सासूबाईंनीही मान खाली घातली. मी तर आतच वळले होते.

दर्याबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. आवाज न चढवता म्हणाल्या, "मग माझेही हात नकोत. तिचं मूल माझ्याच हातात गेलं." आणि पिशवी खाली ठेवली.

सून तिकडे ओरडत होती. शेवटी कोष्टिणीनंच पिशवी उचलून दर्याबाईंच्या हातात दिली. मला म्हणाली, "लाव बाई. लवकर लाव." दर्याबाई जाता जाता वळून म्हणाल्या, "दर्या बघितलेल्या माणसानंच लावावा तो."

मी दिवा लावला. त्याआधी तीन काड्या मोडल्या. दिवसभर मी आणि खालाबी त्या खिडकीपाशी बसून होतो. दर घटकेला मी तेल बघायची. सरळ तसबिरीकडे तोंड करून ओतायची, त्यामुळे भिंतीवर सांडत नव्हतं. दिवेलागणीच्या आधी दर्याबाई आल्या, हात धुतले आणि दिवा विझवला. पाठोपाठ कोष्टीण गूळ घेऊन आली. पहिला खडा तिनं माझ्या हातावर ठेवला.

मला पुढं मूल झालं नाही. पण बोलावणी येऊ लागली. दर्याबाई निघाल्या की बायका माझ्या दारावरून हाक मारत जायच्या, "काकू, दिवा लावा वं." गरोदर पोरी समोरून आल्या तर त्यांच्या आया त्यांना पलीकडे घेईनाशा झाल्या. मी मान वर करून आडावर जाऊ लागले.

वर्षभरानं दर्याबाईंची नजर अधू झाली. नाळ कापताना धार दिसत नाही म्हणाल्या, आणि स्वतःच काम सोडलं. वसईला भावजय होती, तिच्याकडे जायचं ठरलं. सगळी बायकामंडळी गाडीपर्यंत गेली. कुर्डुवाडीला आगगाडी, तिथून मुंबई, तिथून पुढं. म्हाताऱ्या, अर्धवट दिसणाऱ्या बाई, एकट्या. तसबीर आणि पेला त्यांनी मला दिला. म्हणाल्या, "मी किनाऱ्यालाच चाललेय. माझ्यासाठी दिवाबिवा लावू नकोस. तेल उगाच जातं." मी म्हटलं, नाही लावत. पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्यांच्या हाताला, बाळंतिणीकडून आल्यावर त्या ज्यानं हात धुवायच्या, त्या लाल साबणाचाच वास येत होता.

गाडी दिसेनाशी झाली. मी परत आले ती समोर गेले आणि त्याच खिडकीत दिवा लावला.

दोन दिवस झाले, तीन झाले. आळीपाळीनं मी आणि खालाबी तेल घालत होतो. मास्तर म्हणाले, अगं, आता पोचल्याही असतील. सासूबाई म्हणाल्या, इजव आता. मी म्हटलं, तो माझा विझवायचा नाही. ज्याचं त्यानं येऊन विझवायचा असतो. आणि त्या काही येणार नव्हत्या, हे मलाही कळत होतं. पाचव्या दिवशी खालाबींनी आपल्या घरची तेलाची वाटी आणून ओतली.

आठव्या दिवशी पोस्टकार्ड आलं. अक्षर वेडंवाकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. मास्तरांनी वाचून दाखवलं. वाचण्यासारखं फारसं नव्हतंच.

"सुखरूप पोचले. आता माझ्यातर्फे तू विझव."

मी हात धुतले, समोर गेले आणि दिवा विझवला. लेक गेली त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं. ते तिथं, खिडकीत उभी असताना आलं.